गोठ्यामागचं शिकागो

नामा, समाचाराला येणाऱ्यांना चहा करून करून मी थकले. येतात, बसतात, पदराला डोळे पुसतात, आणि उठताना प्रत्येकीचं तेच वाक्य: "गोदाबाई, दूर नव्हता व तुमचा भाऊ. अमरावती म्हंजे काय, हाकेवर." मी मान हलवते. तार आली तेव्हा मी ओसरीत वांगी निवडत होते. तशीच उठले. अकोल्याच्या फलाटावर शिपायांनी भरलेली एक गाडी डोळ्यांसमोरून निघून गेली, दुसरीत कसंबसं उभं राहायला मिळालं, बडनेऱ्याला उतरून पुन्हा अमरावतीच्या गाडीची वाट पाहिली. पोचले तेव्हा तुला अंगणात आणून ठेवलं होतं. तू बोलता असतास तर म्हणाला असतास, "बाई, हवेतून पन्नासच मैल व." तुझं नेहमीचं पालुपद होतं ते.

तुझं सगळंच हवेतून असायचं. शाळेत तू भूगोल शिकवायचास, आणि रस्ते, रूळ, घाट, नद्या ही सगळी तुझ्या मते माणसाची गैरसोय होती. खरं अंतर एकच, वरून मोजलेलं. चांदूर बाजारला मावशीकडे बैलगाडीनं जाताना खड्ड्यांनी माझी कंबर मोडायची आणि तू शेजारी बसून सांगायचास, की कावळा एव्हाना पोचून जेवलाही असता. "मंग कावळ्यालेच धाडलं असतं लग्नाले," मी म्हणायचे. तू हसायचास आणि पुन्हा आभाळाकडे बघायचास. मला तुझा राग यायचा. माझी कंबर खाली गाडीत होती ना.

आपण वाढलो अमरावतीला, देवीच्या देवळाबाहेर, आबांच्या फुलांच्या पाटीशेजारी. मी मोठी, म्हणून हार मी ओवायचे. तू धाकटा आणि हुशार, म्हणून तू शाळेत. पण शाळेतून आलास की ओल्या बोटानं देवळाच्या फरशीवर एकेक अक्षर काढायचास. ऊन असायचं. अक्षर वाळून जायच्या आत मला ते वाचायला लागायचं. नाही वाचलं तर हसायचास आणि पुन्हा काढायचास. मी आज हे लिहिते आहे ते त्या वाळलेल्या अक्षरांवर. आबांना वाटायचं, पोरं खेळतात. तुझे आभार मी कधी मानले नाहीत. भावाचे कोण मानतं?

माझं लग्न होऊन मी अकोल्याला आले, भाजीच्या मळ्यात. हारांची सवय सुटली नाही. अजूनही बाजाराच्या दिवशी तुझे भाऊजी भाजी विकतात आणि मी शेजारी फुलं घेऊन बसते. वसंता झाला, मोठा झाला, आणि त्याला शिकायला तुझ्याकडे ठेवलं. तिथपर्यंत ठीक होतं. मग एके दिवशी तू येऊन सांगितलंस, की पोरगा अमेरिकेला जाणार, शिकागोच्या बाजूला एका शेतकी कॉलेजात, फळबागेचं शिकायला. तुझे भाऊजी म्हणाले, "संत्र्याची झाडं आपल्याकडे, अन् शिकाले तिकडे? त्याहीनं इकडे याले पायजे." सगळे हसले. मी नाही हसले. माझं एकुलतं एक पोर तू पाटीतलं फूल उचलावं तसं उचललंस, आणि तेही माझ्यासमोर, हसत हसत.

तो मुंबईहून जहाजात चढला आणि पुढच्याच वर्षी लढाई पेटली. शिक्षण संपलं, पण जहाजं साध्या उतारूंना घेईनात. त्यानं तिथंच एका सफरचंदाच्या बागेत काम धरलं. पत्रं तीन-तीन, चार-चार महिन्यांनी यायला लागली, मध्येच सरकारी कात्रीनं कापलेली, आणि काही आलीच नाहीत. त्या वर्षी मी तुझ्याशी बोलत नव्हते. दसऱ्याला सोनं द्यायला तू अकोल्याला आलास, मी सोनं घेतलं, पाया पडू दिलं आणि आत निघून गेले. वरण ढवळत बसले. बाहेर तू भाऊजींशी कपाशीच्या भावाचं बोलत होतास, पण कान तुझे आतच होते, मला माहीत आहे.

आणि मग पुढच्या खेपेला तू तो गोळा घेऊन आलास.

शाळेनं टाकून दिलेला पृथ्वीचा गोल, लाकडी बूड तुटलेला, धोतरात गुंडाळून गाडीतून आणलास. डब्यात एकानं तो टरबूज समजून भाव विचारला, हे तू उंबऱ्यावरूनच सांगत आत आलास. मी तोंड फिरवलं तरी हसू आलंच. ठेवायचा कशावर? तो गडगडत चुलीकडे जायला लागला, तेव्हा मी डोक्यावरच्या पाटीखालची चुंबळ पुढे सरकवली. त्या चुंबळीवर तो बसला तो आजतागायत तिथंच आहे. येणाऱ्या बायका विचारतात, हे काय व बाई? मी सांगते, जग आहे.

तुझ्या भाऊजींनी तराजूच्या वर भिंतीला वर्तमानपत्रातला लढाईचा नकाशा डकवला होता. त्यांनी तुला तो दाखवला. "हे पाह्य नामदेव, हे आपन. अन् अमेरिका हे इकडे, पार डाव्या हाताले. सूर्य बुडते तिकडे. सरळ हाय."

"भाऊजी, तो कागद हाय. पृथ्वी कागदासारखी नाई."

"पृथ्वी कशीबी असो. पोट्टा पश्चिमेले गेला. म्या सोता गाडीत बसवला त्याले, मुंबईच्या."

तू वाद घातला नाहीस. माझ्या पाटीतला दोरा उचललास, एक टोक गोलावर आपल्या अकोल्यापाशी, जिथं तू शाईचा ठिपका दिला होतास, तिथं धरलंस आणि दुसरं शिकागोपर्यंत नेलंस. मला वाटलं दोरा आडवा जाईल, अरबस्तान, मग समुद्र, मग आणखी समुद्र. तो वर चढायला लागला. पंजाब, काश्मीर, रशिया, मग गोलाच्या टाळूवरचा तो पांढरा बर्फ, तिथून पलीकडे उतरून कॅनडा, आणि मग शिकागो. मी चूल सोडून जवळ येऊन बसले. बोलणं बंद आहे, हे विसरूनच गेले.

मग तू तो दोरा गोलाच्या पोटाभोवती फिरवून घेतलेल्या दुसऱ्या दोऱ्याशी लावून हिशेब केलास आणि तुझा चेहरा पडला. बारा हजार मैल. तू पुन्हा हिशेब केलास, पुन्हा तेच. मग दोरा हातात फिरवून बघितलास आणि कपाळावर हात मारून घेतलास. सकाळी मी त्या दोऱ्यातली शेवंती काढून घेतली होती, पण फुलांचे फास तसेच होते. गोलावर तो फासांसकट बसला, आणि मोजायला ताणलास तेव्हा फास सुटून लांब झाला. "माळ्याचा पोट्टा असून फास इसरलो," तू म्हणालास. भाऊजी पोट धरून हसले. कोरा दोरा घेऊन पुन्हा मोजलंस तेव्हा आठ हजार निघाले. एवढ्या वेळात चार हजार मैल कमी झाले, आणि खरं सांगते, नामा, मला तेव्हा वेड्यासारखं बरं वाटलं. आठ हजार म्हणजे काय, मला कुठं कळत होतं? पण बारापेक्षा कमी होते.

"जहाज गाठी घेत जाते, बाई," तू समजावत होतास. "एडन, सुएझ, लंडन. आता तर सुएझ बंद, म्हंजे आफ्रिकेले सारा वळसा. आपल्या हारासारखं, हार हातभर अन् दोरा खाते किती! विमान कोरा दोरा हाय. वाट बंद झाली, अंतर नाई वाढलं. वसंता जेवढा होता तेवढाच दूर हाय."

त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलायला लागले. पण भांडण मिटलं असं समजू नकोस. ते तर तिथून सुरू झालं.

मी रोज दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा लावते आणि पश्चिमेला तोंड करून वसंताचं नाव घेते. तो गेल्यापासूनची सवय. तू एकदा ते पाहिलंस आणि तुझ्यातला मास्तर जागा झाला. "बाई, चुकीच्या दिशेले तोंड करून उभी हायेस तू. शिकागो उत्तरेले हाय."

"उत्तरेले गोठा हाय."

"गोठ्याच्या मांगं हाय."

"म्या म्हशीकडे तोंड करून पोराचं नाव घेऊ? गाडी पश्चिमेले गेली, जहाज पश्चिमेले गेलं, पोट्टा पश्चिमेले गेला."

"गेला तिकडून," तू म्हणालास, "पन हाये इकडे."

ह्या एका वाक्यावर आपण किती दिवाळ्या काढल्या! तू प्रत्येक खेपेला यायचास, दिवेलागणीला अंगणात यायचास आणि गोठ्याकडे बोट दाखवायचास. मी न बघता पश्चिमेला वळायचे. भाऊजी बाजेवरून म्हणायचे, "लागले बहीनभाऊ." मला तुझं म्हणणं पटत नव्हतं असं नाही. गोल माझ्या घरात होता, दोरा माझ्या हातात होता; तू नसताना मी तो कितीदा लावून पाहिला असेल. पण माझ्या पोराला मी ज्या वाटेनं निरोप दिला, त्याच वाटेवर मला उभं राहायचं होतं. बर्फावरून, माणूस नसलेल्या मुलखावरून येणाऱ्या वाटेवर मी त्याची वाट कशी पाहणार? त्या वाटेवर एक स्टेशनसुद्धा नाही.

आणि तू काय केलंस? मला वळवता येईना, म्हणून पलीकडून वसंताला वळवलंस. त्याचं पत्र आलं, मी वाचलं आणि तिथंच बसले. त्यानं लिहिलं होतं, "आई, मामानं सांगितलं आहे की इथून अकोला उत्तरेला आहे. मी कामावर जाताना रोज उत्तरेकडे तोंड करून उभा राहतो. इथले लोक हसतात." भाऊजींना हे वाचून दाखवलं तर ते बाजेवर उठूनच बसले. "तेबी उत्तरेले, अन् तूबी उत्तरेले? दोघंही उत्तरेलेच तोंड करतीन तर भेटतीन कसे? एकामांगं एक उभे राहतीन बाजारातल्यासारखे!" पुढच्या खेपेला तू दोरा लावून त्यांना दाखवलास. इकडूनही वर, तिकडूनही वर, दोघं टाळूवरून एकमेकांकडे बघतात. भाऊजींनी बराच वेळ गोलावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लय थंडीत भेटतीन मंग."

तरी मी वळले नाही. दोन वर्षं पोरगा माझ्याकडे तोंड करून उभा होता आणि मी त्याला खांदा दाखवत होते. तू हेही मला ऐकवलंस, माझ्याच घरात, माझ्याच हातची भाकर खात.

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला तू आलास तेव्हा वाळला होतास. मी म्हटलं, "काहून रे, येवढा सुकला?" तू म्हणालास, उन्हात शाळेच्या परेडी घ्याव्या लागतात. मग आंबील पिता पिता सांगत बसलास, की लढाई संपू दे, मग बघ, साधी माणसंसुद्धा विमानानं येतील-जातील. "वसंता येईन तर हवेतून येईन. तू हार घेऊन स्टेशनावर उभी राहशीन, अन् तो गोठ्याच्या मांगून येऊन म्हनन, आई, भाकर वाढ." आम्ही सगळे हसलो. निघताना तू अंगणात थांबलास. दिवेलागणीची वेळ नव्हती तरी गोठ्याकडे बोट केलंस. मी म्हटलं, "जाय आता, गाडी सुटन." हे आपलं शेवटचं बोलणं. त्यात काही वाईट नव्हतं, पण काही चांगलंही नव्हतं.

मग ताप. रुक्मिणी, तुझी बायको, मला सांगत होती, की उतरेल उतरेल म्हणून तिनं मला कळवलं नाही. मी तिला दोष दिला नाही. तिच्या अंगातही त्राण उरलं नव्हतं.

अंगणात तुला पाहिलं तेव्हा मला रडू आलं नाही, तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी इतकी थकले होते की रडणंही काम वाटलं. कुणीतरी बाजारातून हार आणला होता, झेंडूचा, जाड, गुंडाळून बांधलेला. मी म्हटलं, हा नाही घालायचा. पाटी मागवली, दोरा मागवला, आणि तुझ्या उशाशी बसून हार ओवला. बायका म्हणाल्या, "बाई, उशीर होऊन राहिला." होऊ दे म्हटलं. आबांनी आपल्याला शिकवलेली रीत तुला आठवते ना? जिवंत माणसाच्या हाराची दोन टोकं जोडून गाठ मारायची. जाणाऱ्याच्या हाराला गाठ मारायची नाही, टोकं मोकळी सोडून छातीवर आडवा ठेवायचा. आबांना आपण दोघांनी तसा ठेवला होता. तुला मी एकटीनं ठेवला. एक टोक खांद्यावरून ओघळत होतं, ते मी नीट केलं. मग तुला उचललं, आणि आम्ही बायका अंगणाच्या फाटकापर्यंत आलो आणि थांबलो. फाटकापासून स्मशान किती लांब, हे तू मला कधी मोजून दाखवलं नाहीस.

परत आले तर इथं वसंताचं पत्र येऊन पडलेलं. उन्हाळ्यात लिहिलेलं. "मामाची तब्येत कशी आहे? मामाला सांग, इथं सफरचंदाच्या झाडाला संत्र्यासारखीच पांढरी फुलं येतात. मामाला विचार, विमानाचं खरंच सुरू होणार का? मामा म्हणाला तर मी वाट पाहीन." मी मोठ्यानं वाचत होते. 'मामा म्हणाला तर' इथं पोचले आणि जे अमरावतीला आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. भाऊजींनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ते मागे लागले. "त्याले कळव. तार कर, नाई तर विमानाचं पत्र टाक. मामानं वाढवलं त्याले."

"कळवते," मी म्हणायचे.

"कधी? पोराले फसवून राहिली काय?"

मी पत्र लिहायला बसायचे आणि 'चिरंजीव वसंतास' एवढं लिहून उठायचे. वाल तोडायचे, म्हशीला वैरण घालायचे, पुन्हा बसायचे. तुझं जाणं लिहायचं म्हणजे काय, ते मला तिसऱ्या-चौथ्या वेळी समजलं. इथं तू गेलास. बडनेऱ्यापर्यंत, अमरावतीच्या शाळेपर्यंत, सगळीकडे गेलास. तिकडे मात्र अजून कुणाला माहीत नाही. तिकडे तू आहेस. माझा पोरगा कामावर जाताना उत्तरेकडे तोंड करतो तेव्हा त्याच्या मनात आपण दोघं उभे असतो, मी आणि तू, तू धोतराचा सोगा हातात धरून, आणि बहुधा मला काहीतरी समजावत. त्या एवढ्या मोठ्या जगात आता तेवढी एकच जागा राहिली आहे, जिथं तू जिवंत आहेस, नामा. आणि तिथं तुला संपवायचं काम लोकांनी माझ्याकडे दिलं आहे.

यंदा दिवाळी केली नाही. पण भाऊबीज चुकत नाही, ती आपली आपण येते. संध्याकाळी शेजारच्या बायजाबाई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "गोदाबाई, ज्याले भाऊ नसते त्यानं चंद्राले ओवाळावं." चांगल्या मनानं म्हणाल्या. मी ताट घेतलं, निरांजन लावलं आणि अंगणात आले. चंद्र होता, नखाएवढा, पश्चिमेला, बरोबर त्याच बाजूला, जिकडे तोंड करून मी इतकी वर्षं वसंताचं नाव घेत आले. मी ताट उचललं. हात वर जाईना. चंद्राला ओवाळायचं म्हणजे भाऊ नाही, हे माझ्याच हातांनी आभाळाला सांगायचं.

मग मी वळले. तू असतास तर काय म्हणाला असतास कोण जाणे. मोठ्यानं हसला असतास बहुतेक. मी गोठ्याकडे तोंड केलं आणि निरांजन ओवाळलं.

भाऊजी बाजेवरून बघत होते. "म्हशीले ओवाळून राहिली काय व?" ते म्हणाले. मी ओवाळतच राहिले. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते उठले, गोठ्यात गेले, म्हशीचा दोर सोडला आणि तिला कडेला सरकवायला लागले. "सरक व," ते तिला म्हणत होते, "शिकागो अडवून उभी हायेस."

तर जिंकलास तू. मी वळले. हे तुला सांगायला मी उशीर केला, पण तुलाही एवढी घाई करायची गरज नव्हती.

त्याच रात्री मी वसंताचं पत्र पुरं केलं. काही लपवलं नाही. तुझा ताप लिहिला, हार लिहिला, मोकळी टोकं लिहिली. कधीतरी त्याला कळायलाच हवं, आणि ते माझ्याच अक्षरात कळायला हवं. ते अक्षरही तुझंच आहे. आज सकाळी टपाल कचेरीत गेले. खिडकीतल्या बाबूंनी पत्ता वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"अमेरिका? विमानाचं तिकीट लावा, बाई. लवकर जाईन. जहाजाचा काही नेम नाई, आफ्रिकेले वळसा घालून जाते. कवा पोचन, सांगता येत नाई."

मी विचार करायचं नाटकसुद्धा केलं नाही. "जहाजानंच जाऊ द्या," मी म्हटलं.

"तातडीचं नाई काय?"

"नाई," मी म्हटलं. "घरी कोनी बिमार नाई."

त्यांनी शिक्का मारला आणि पत्र पिशवीत टाकलं.

तुला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. जन्मभर तू कोऱ्या दोऱ्याची बाजू घेतलीस आणि आज मी तुझ्याच जाण्याचं पत्र गाठीगाठीच्या वाटेवर सोडलं. ह्या लांबच्या वाटेला मी इतकी वर्षं शिव्या दिल्या, की ती जरा माझ्या उपयोगी पडली तर काय बिघडलं? जाऊ दे ते सावकाश. थांबू दे बंदराबंदरात. तिकडे बर्फ पडून वितळेपर्यंत तरी वसंता तुला मामा म्हणत राहील, तुला प्रश्न लिहीत राहील. आणि त्याला कळलं तरी, आधी टाकलेली त्याची पत्रं वाटेत असतीलच. ती तुझी विचारपूस करत इथं येत राहतील. आली की मी गोलाशेजारी बसून ती मोठ्यानं वाचीन. तेवढं तरी ऐकून जा.